रुग्णाचं तोंड कोण साफ करणार? एका विसरलेल्या शुश्रूषेचा इतिहास



आज एका साध्या, थोड्या किळसवाण्या वाटणाऱ्या आणि म्हणूनच मागे पडलेल्या विषयावर लिहितो आहे. दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णाच्या तोंडाची स्वच्छता हा तो विषय.

सुरुवात घरच्याच अनुभवाने करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. वय ७८. डावी बाजू लुळी पडली होती, बोलणं अडखळत होतं. मी त्यांना एका रुग्णालयात दाखल केलं. त्यांचा सीटी स्कॅन मी स्वतः पाहिला, रोजची साखर, सोडियम, रक्तदाब यांच्या नोंदी पाहिल्या, औषधांच्या मात्रांवर तिथल्या डॉक्टरांशी चर्चाही केली. पाचव्या दिवशी ताप आला. छातीत उजव्या बाजूला खरखर ऐकू येऊ लागली. न्यूमोनिया.

त्या दिवशी अंथरूण बदलायला आलेल्या मावशी मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बाबांची कवळी काढली का हो कुणी?"

कुणीच काढली नव्हती. खालची कवळी पाच दिवस तोंडातच होती. तिच्याखाली दुधाचा, पेजेचा आंबट थर साचला होता. जिभेवर तपकिरी साय धरली होती, ओठ फुटले होते. अण्णांच्या डोक्यातल्या गाठीची जागा मला मिलीमीटरमध्ये माहीत होती. तोंड मात्र मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. पंचवीस वर्षं 'जीभ दाखवा' म्हणणारा मी एमडी डॉक्टर!

अण्णा त्यातून बरे झाले, पण तीन आठवडे गेले आणि आमचा जीव टांगणीला लागला होता. तो न्यूमोनिया त्या कवळीमुळेच झाला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अर्धांगवायूत गिळण्याची क्रिया बिघडते आणि लाळ श्वासनलिकेत जाते, तेवढंही पुरेसं असतं. पण त्या लाळेत काय आहे यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो आणि लक्षात आलं की हे काम वैद्यकशास्त्राला एकदा नीट कळलं होतं, मग ते विसरलं गेलं आणि आता पुन्हा शिकावं लागतं आहे.

निरोग्याला दातवण, आजाऱ्याला काय?

आपल्याकडे तोंडाची स्वच्छता नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोनदा दातवण करायला सांगितलं आहे. करंज, कण्हेर, रुई, अर्जुन अशा झाडांच्या काड्यांची नावं दिली आहेत. जीभ घासण्याची पट्टी सोनं, चांदी, तांबं, कथील किंवा पितळ यांची असावी, वाकवलेली असावी आणि तिला धार नसावी, इतका तपशील त्यात आहे.

डॉक्टर म्हणून मला जास्त लक्षवेधी वाटतो तो वाग्भटाचा नियम. अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात दातवण कुणी करू नये याची यादी आहे. अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप, तोंड वाकडं होणं, तहान, तोंड येणं आणि हृदय, डोळे, डोकं, कान यांचे विकार असणारे लोक त्यात येतात. आज आपण ज्यांना रुग्णालयात दाखल करतो, त्यांतले कितीतरी जण या यादीत बसतात.

यामागचं कारण मला तरी समजण्यासारखं वाटतं. दातवणाची काडी कडक असते. धाप लागलेल्या, उलटी होणाऱ्या किंवा तोंडात जखमा असलेल्या माणसाने ती चावू नये, हे आजही पटतं. पण त्याच ग्रंथात गंडूष आणि कवल यांच्यासाठी वेगळा अध्याय आहे. गंडूष म्हणजे तोंड पूर्ण भरून औषधी द्रव धरून ठेवायचा, कवल म्हणजे तोंडात खेळवता येईल इतकाच घ्यायचा. तेल, दूध, मध घातलेलं पाणी, काढे असे कितीतरी प्रकार त्यात सांगितले आहेत. म्हणजे आजाऱ्याच्या तोंडाचा विचार तिथे झालेला आहे.

आपल्या घराघरांत मात्र यातलं अर्धंच उतरलं. 'तापात दात घासू नयेत' एवढं राहिलं आणि चूळ भरण्याचं मागे पडलं. माझ्या ओपीडीत आजही आठ-आठ दिवस तापाने झोपलेले रुग्ण येतात. दात घासले का विचारलं की घरचे म्हणतात, "आजारी माणसाला कशाला त्रास?" यात दुष्टावा नसतो, माया असते. पण ज्याला स्वतः चूळ भरता येत नाही, मान धरता येत नाही, त्याचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी दुसऱ्या माणसाचे हात लागतात.

उष्ट्याची अडचण

हे हात कुणाचे? इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. लाळ म्हणजे उष्टं. दुसऱ्याच्या तोंडात हात घालणं, त्याची थुंकी पुसणं हे हलकं काम मानलं गेलं. आई लेकरासाठी करते, सून सासूसाठी करते, पण परक्या माणसासाठी पगार घेऊन हे करायचं म्हणजे कमीपणा, अशी समजूत खोलवर रुजलेली होती.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं शुश्रूषेवरचं प्रसिद्ध पुस्तक १८५९ सालचं. त्यानंतरच्या काळात अंग पुसणं, अंथरूण स्वच्छ ठेवणं, हवा खेळती ठेवणं ही शिकलेल्या परिचारिकेची कामं ठरली आणि त्यांना मान मिळू लागला.

महाराष्ट्रात हा विचार मिशन रुग्णालयांतून आणि समाजसुधारकांच्या संस्थांमधून आला. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं आणि तिथे परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून स्त्रियांना शिक्षण देताना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली केली आणि त्यासाठी ससून रुग्णालयाशी नातं जोडलं. विधवा झालेल्या, घरात कोपऱ्यात बसवलेल्या ब्राह्मण मुलींनी परक्या रुग्णांची सेवा करायची, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. आज एखादी सिस्टर रुग्णाच्या तोंडात गॉज फिरवते, तेव्हा त्यामागे 'उष्टं' या शब्दावर मात करणाऱ्या त्या पहिल्या मुली आहेत, हे आपण विसरू नये.

लाळेत लपलेले जंतू

परिचारिका घडत होत्या त्याच काळात तोंडाकडे पाहण्याची शास्त्राची दृष्टीही बदलत होती.

दातांवरच्या कीटात हलणारे सूक्ष्म जीव आहेत, हे हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८३ मध्येच आपल्या भिंगातून पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं. पण त्यांचा आजाराशी संबंध जुळायला दोनशे वर्षं गेली. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, माणसाची लाळ सशांना टोचून एक जंतू शोधला. स्टर्नबर्गने तर स्वतःचीच लाळ वापरली होती! पुढे हाच जंतू न्यूमोनियाचं मुख्य कारण म्हणून ओळखला गेला. म्हणजे धडधाकट माणसाच्या तोंडातही न्यूमोनियाचा जंतू सुखाने नांदत असतो.

त्यानंतर बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये तोंडातल्या जंतूंवर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि तोंड हे शरीरातल्या संसर्गाचं उगमस्थान असू शकतं, असं मांडलं. इंग्लंडचे डॉ. विल्यम हंटर यांनी १९००च्या सुमाराला हा विचार आणखी पुढे नेला. तो इतका पुढे गेला की पुढची काही दशकं सांधेदुखीपासून वेडापर्यंत प्रत्येक आजारासाठी लोकांचे चांगले दात उपटले गेले! त्या अतिरेकाचा पुढे उलटा परिणाम झाला. दात उपटून काहीच बरं होत नाही हे दिसल्यावर डॉक्टरांनी तोंडाकडे पाहणंच सोडून दिलं. वैद्यकात असं अनेकदा घडतं. एका टोकाच्या चुकीनंतर आपण दुसऱ्या टोकाला जातो.

मुदतीचा ताप आणि सकाळचा ट्रे

अँटिबायोटिक येण्यापूर्वीच्या काळात रुग्णाचं तोंड साफ ठेवणं म्हणजे जीव वाचवण्याचा प्रश्न होता. टायफॉइडचंच उदाहरण घ्या. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत याला मुदतीचा ताप म्हणत, कारण तो तीन-तीन आठवडे चाले आणि त्यावर औषध नव्हतं. ग्लानीत पडलेल्या रुग्णाच्या दातांवर आणि ओठांवर तपकिरी खपल्या धरत. लाळ आटली की तोंडातले जंतू उलट्या दिशेने लाळग्रंथीत शिरत आणि कानाखाली गालगुंडासारखी सूज येऊन त्यात पू होई. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड. २ जुलै १८८१ रोजी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ते अडीच महिने अंथरुणावर होते आणि त्या काळात त्यांच्या लाळग्रंथीत पू झाला. १९ सप्टेंबरला ते गेले. मृत्यूची कारणं इतरही होती, पण कोरड्या पडलेल्या तोंडाने त्यात भर घातली.

म्हणून जुन्या परिचारिका दर काही तासांनी रुग्णाचं तोंड पुसत. मी १९९०च्या दशकात इंटर्न होतो, तेव्हा या परंपरेचा शेवट मला पाहायला मिळाला. आमच्या वॉर्डात निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर होत्या. रोज सकाळी सहा वाजता त्यांचा ट्रे निघे. वाटीत पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी, दुसऱ्या वाटीत बोरोग्लिसरीन, गॉजचे तुकडे, आर्टरी फोर्सेप्स, किडनी ट्रे आणि टॉवेल. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळवून त्या आधी गालांच्या आतून, मग हिरड्यांवरून, शेवटी जिभेवरून गॉज फिरवत. आम्ही पोरं त्यांना हसायचो. "सिस्टर, पेनिसिलिन आहे ना!" त्या म्हणायच्या, "इंजेक्शन दंडात जातं रे बाबा, तोंडात नाही जात."

हे काम मागे का पडलं?

१९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात एक कोटीहून जास्त माणसं दगावली. मुंबई इलाख्याला तिचा तडाखा फार जोरात बसला. जतन करून ठेवलेल्या नमुन्यांचा जो अभ्यास पुढे झाला, त्यातून दिसलं की बहुतेक मृत्यू विषाणूने सुरुवात केल्यावर नाका-घशातल्या नेहमीच्या जंतूंनी फुप्फुसात शिरकाव केल्यामुळे झाले होते. त्या वेळी अँटिबायोटिक नव्हतं.

मग ते आलं. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं, १९४८ मध्ये टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडलं. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. मुदतीचा ताप काही दिवसांत उतरू लागला. आता तीन आठवडे तोंड पुसत बसायची गरज काय, असं वाटणं स्वाभाविक होतं.

दुसरं कारण मनुष्यबळाचं. १९४६च्या भोर समितीच्या अहवालातले आकडे पाहा. ब्रिटिश भारतात साधारण ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आणि ३,००,००० लोकांमागे एक दंतवैद्य होता. एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड असेल तर ती आधी सलाइन पाहणार, इंजेक्शन देणार. तोंड मागेच राहणार. आज परिस्थिती सुधारली आहे, तरी गर्दीच्या वॉर्डातलं गणित फारसं बदललेलं नाही. हा दोष मी कोणत्याही सिस्टरवर टाकत नाही.

तिसरं कारण म्हणजे खात्यांची विभागणी. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढलं, आणि १९४८ मध्ये दंतवैद्यांचा स्वतंत्र कायदा आला. दंतवैद्यकाला स्वतःचं स्थान मिळालं हे चांगलंच झालं. पण तोंड दंतवैद्याचं, उरलेलं शरीर आमचं, अशी वाटणीही झाली. दंतवैद्याचा दवाखाना वेगळा, त्याची खुर्ची वेगळी, आणि रुग्ण मात्र आमच्या वॉर्डात आडवा.

आपल्या नाशिकचंच बघा ना. वैद्यकीय, दंत आणि परिचर्या या तिन्ही शाखांच्या परीक्षा घेणारं आणि १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. जुन्या नाशिककरांना बिटको म्हटलं की चौकाआधी काळ्या दंतमंजनाची डबी आठवते. दातांची इतकी आठवण असलेलं हे शहर! तरीही कॉटवरच्या रुग्णाचं तोंड हे नेमकं कुणाचं काम, असं विचारलं तर डॉक्टर सिस्टरकडे, सिस्टर मावशींकडे आणि मावशी नातेवाईकांकडे पाहतात.

पुन्हा शोध

विसरलेली गोष्ट परत आठवायला कृत्रिम श्वासाचं यंत्र कारण ठरलं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी घशात नळी घालून, वैद्यकीय विद्यार्थ्यांकडून हाताने फुगा दाबून घेत रुग्णांना जगवलं. आजच्या आयसीयूची ही सुरुवात. पण जी नळी श्वास देते, तीच तोंडातल्या जंतूंना फुप्फुसाचा रस्ताही करून देते.

१९६५ मध्ये डेन्मार्कमध्येच हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. निरोगी माणसाची ही गत, तर आजाऱ्याचं काय? त्याचं उत्तर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जोहानसन यांच्या गटाने दिलं. निरोगी माणसाच्या घशात क्वचित आढळणारे चिवट, रुग्णालयात वाढणारे जंतू गंभीर आजाऱ्यांच्या घशात मोठ्या प्रमाणात सापडले. आजार जितका गंभीर, तितकं हे प्रमाण जास्त.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काम जपानमध्ये झालं. योनेयामा आणि सहकाऱ्यांनी ११ वृद्धाश्रमांतल्या वृद्धांचे दोन गट केले. एका गटाचं तोंड प्रत्येक जेवणानंतर काळजीवाहकांनी ब्रशने साफ केलं आणि दंतवैद्याने आठवड्याला पाहणी केली. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चालू ठेवलं. दोन वर्षांत नेहमीच्या गटातल्या १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला. तोंड साफ ठेवलेल्या गटात हे प्रमाण ११ टक्के होतं. हे निष्कर्ष १९९९ आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. यात कोणतंही महागडं औषध नव्हतं. एक ब्रश आणि दुसऱ्या माणसाचे हात, एवढंच.

मधल्या काळात आम्हा डॉक्टरांना क्लोरहेक्सिडिन या औषधी द्रवाचा मोह पडला. १९९६ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर त्याचा चांगला परिणाम दिसला आणि जगभरच्या आयसीयूत त्याच्या बाटल्या आल्या. ब्रशने घासण्यापेक्षा बोळा फिरवणं सोपं होतं. पण २०१४ नंतरच्या विश्लेषणांनी प्रश्न उभे केले. हृदयशस्त्रक्रिया सोडून इतर व्हेंटिलेटरच्या रुग्णांत फायदा स्पष्ट दिसेना, उलट मृत्यूदर किंचित वाढत असावा अशी शंका आली. त्यामुळे २०२२च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी अशा रुग्णांसाठी दात घासणं ठेवलं आणि क्लोरहेक्सिडिन वगळायला सांगितलं. २०२३च्या अखेरीला १५ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयातला न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी होता आणि आयसीयूतले मृत्यूही कमी होते. हा फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिसला. साध्या वॉर्डातल्या रुग्णांवरचे अभ्यास अजून थोडे आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

म्हणजे आम्ही ज्यांना हसलो होतो, त्या सिस्टरांचं म्हणणं खरं होतं. कीट द्रवाने जात नाही, ते घासावंच लागतं.

कोविडने दिलेला धडा

२०२१ची दुसरी लाट नाशिककर कधीच विसरणार नाहीत. त्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणू लागले तो आजार, राज्यभर पसरला. त्याचं मूळ अस्वच्छ तोंडात नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्याची मुख्य कारणं होती. पण त्याच्या पहिल्या खुणा पुष्कळदा तोंडात दिसत. दात अचानक हलू लागणं, वरच्या हिरडीतून पू येणं, टाळूवर काळपट डाग, गाल बधिर होणं. ज्यांच्या तोंडात कुणीतरी रोज बॅटरी मारून पाहत होतं, त्यांचा आजार लवकर सापडला. ज्यांचं तोंड मास्कखाली झाकलेलंच राहिलं, त्यांना डोळा किंवा जबडा गमवावा लागल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तोंड साफ करण्याचा हा दुसरा फायदा. साफ करणारा माणूस तोंड बघतो.

नातेवाईकांनो, तुम्ही काय करू शकता?

आपल्याकडे रुग्णाजवळ घरचं कुणीतरी असतंच. परदेशात बऱ्याच ठिकाणी ही सोय नसते. तिचा उपयोग करून घ्या. सिस्टरांना विचारून, त्यांच्याकडून एकदा शिकून पुढील गोष्टी करा.

- दाखल करताना कवळी आहे का ते सांगा. ती रात्री काढून, ब्रशने घासून, नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात ठेवा. अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाच्या तोंडात कवळी ठेवू नका.
- रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला उठवून बसवा आणि दिवसातून किमान दोनदा मऊ ब्रशने दात घासू द्या. स्वतः करता येत असेल तर त्यालाच करू द्या.
- नळीने अन्न दिलं जात असेल, तोंडाने काहीच घेत नसेल, तरी तोंड साफ करायचंच. खात नाही म्हणजे तोंड स्वच्छ आहे, हा मोठा गैरसमज आहे. न खाणाऱ्याचं तोंड जास्त लवकर खराब होतं, कारण लाळ कमी होते.
- बेशुद्ध किंवा गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नका, मध घालू नका. डोकं वर किंवा रुग्ण कुशीवर, ओलसर मऊ ब्रश, अगदी थोडी पेस्ट आणि हाताशी सक्शन. हे काम सिस्टरांच्या देखरेखीखालीच करा. दातांमध्ये आपलं बोट घालू नका.
- ओठांना साधं मॉइश्चरायझर लावा. ऑक्सिजन चालू असेल तर कोणतं लावायचं ते विचारून घ्या. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे पूर्वी फार वापरत, पण ते तोंड आणखी कोरडं करतात आणि लिंबाने दातांचं आवरण झिजतं.
- रक्त पातळ करणारी औषधं, कमी प्लेटलेट किंवा किमोथेरपी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- जिभेवर दह्यासारखे पांढरे थर, टाळूवर डाग, न भरणारा व्रण दिसला तर लगेच दाखवा.
- आजीला दवाखान्यात चोरून मशेरी आणून देऊ नका. "त्याशिवाय तोंड साफ वाटत नाही" असं ती म्हणते, कारण तंबाखूची सवय असते. मशेरीने तोंड साफ होत नाही, कर्करोगाचा धोका मात्र वाढतो.

माझ्या राऊंडमध्ये मी आता एक प्रश्न वाढवला आहे. ताप किती, लघवी किती, यासोबत "तोंड कुणी आणि कधी साफ केलं?" हेही विचारतो. सुरुवातीला वॉर्डात सगळे एकमेकांकडे पाहायचे. आता चार्टवर त्याची वेगळी ओळ आहे, आणि ती रिकामी दिसली की मी ब्रश मागवतो.

अण्णा त्या आजारानंतर आणखी चार वर्षं होते. डावा हात चालत नसल्याने त्यांची कवळी रोज रात्री मीच घासायचो. पहिले काही दिवस ते ओशाळून तोंड फिरवायचे. मुलाने आपलं उष्टं धुवावं, हे त्या जुन्या शिक्षकाला सहन होत नव्हतं. नंतर सवय झाली. जेवण झालं की ते स्वतःच डबी पुढे करायचे.

तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात असेल, तर आज संध्याकाळी भेटायला जाताना शहाळ्याबरोबर एक मऊ ब्रश घेऊन जा.

काळजी घ्या.